पंधरा कोसांवरून आलेला भाऊ

अमरावतीला असताना दोन वर्षं माझं पोट दुखत होतं. वैद्याची चूर्णं झाली, ज्याच्याकडे कामाला होतो त्या साहेबाच्या कपाटातलं कडू औषध झालं, बायकोने ओव्याचा अर्क पाजून पाहिला. कशानेच उतार पडला नाही. मग एका हिवाळ्यात ते दुखणं औषधाशिवायच थांबलं. कशाने थांबलं ते मला ठाऊक आहे. आता वय झालं, कोणाची भीड उरली नाही, म्हणून ते लिहून ठेवतो.

आमचं मूळ घराणं देशावरचं, भिक्षुकी करणारं. मी पाळण्यात असताना वडील ख्रिस्ती झाले. त्यांना ते फार जड गेलं. सख्ख्या बापाने ते मेले असं समजून त्यांच्या नावाने आंघोळ केली, भावांनी दार बंद केलं, आणि वडिलांनी त्या गावात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. माझ्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. मी मिशनच्या आवारात वाढलो. शाळा आवारात, प्रार्थनेची जागा आवारात, सवंगडी सगळे आमच्याचसारखे. धर्म मला घरातल्या तांब्या-पितळेसारखा आयता मिळाला. पाठांतर चांगलं होतं, त्यामुळे शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, उतारे धडाधड म्हणून दाखवायचो आणि बक्षिसं घ्यायचो. लग्नही आवारातल्याच एका शिक्षकाच्या मुलीशी झालं. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून कोणी आपल्याला काही करू शकेल, असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं.

तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना. साऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. मुंबईच्या एका व्यापारी साहेबाने मला दुभाषा आणि कारकून म्हणून अमरावतीला नेलं. रेल्वे अजून पोचली नव्हती, नुसतं मातीकाम चाललं होतं. हंगामात बाजाराच्या आवारात सकाळपासून कापसाच्या गाड्या लागायच्या. त्यांची रांग वेशीच्या बाहेर कुठवर गेली आहे ते दिसायचंही नाही. माझं काम असं की गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांनी ओढून धाग्याची लांबी पाहायची आणि कापूस ओला आहे की कोरडा ते साहेबाला सांगायचं. वजन वाढावं म्हणून कोणी कोणी पाणी शिंपडून आणत. मला ते बोटांना लगेच कळायचं. ओल्या कापसाला कोरडा म्हणणाऱ्याला मी भर बाजारात खोटा ठरवत असे, आणि त्यात मला मौज वाटायची.

घर मिळालं ते एका कुणब्याच्या नव्या माडीत. तो मोठा शेतकरी होता, काळ्या रानाचा धनी. कापसाच्या तेजीत त्याने शहरात घर बांधलं होतं आणि खालच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. माझी पगडी, माझी भाषा आणि माझं इंग्रजी पाहून त्याने विचारलं, "देशावरचे बामन दिसता तुमी?"

मी म्हणालो, "देशावरचेच आहोत."

एवढंच. खोटं एक अक्षर बोललो नाही. पण त्याने जे समजायचं ते समजलं, आणि मी ते समजू दिलं. शहरात ख्रिस्ती माणसाला गल्लीत घर कोण देणार, असं मी बायकोला म्हणालो. आमच्याकडे बायका कुंकू लावत नसत. पण सवाष्ण बाई बिनकुंकवाची दिसली तर पहिल्याच दिवशी प्रश्न आला असता. म्हणून मी बाजारातून कुंकवाचा करंडा आणून तिच्या हातात ठेवला. तिने तो घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती कुंकू लावायला लागली. मालकीणबाई तिला हळदीकुंकवाला न्यायच्या, तिच्या हातचं पाणी प्यायच्या, आपल्या घरचे सांडगे द्यायच्या. शास्त्राचं पुस्तक ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली.

रविवारी आम्ही कॅम्पात साहेबाच्या बंगल्यावर जायचो. तिथे दोन-तीन गोरी कुटुंबं जमत, साहेब इंग्रजीतून प्रार्थना वाचत, मडम बाजा वाजवत. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसायचो. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, साहेबाकडे कामाला गेले. परत येताना बायको बैलांच्या दमणीत तोंड बाहेर करून बसायची. पहिल्या वर्षी मी तिला एकदा विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"बाजा छान वाजला," ती म्हणाली.

असे दोन हंगाम गेले. पोट दुखायला लागलं ते याच काळात.

तिसऱ्या हंगामात, संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, एका भर दुपारी बाजारात एक म्हातारा आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. तो गाड्यांच्या मधून एकेकाला विचारत येत होता. मला त्याचा आवाज आधी ऐकू आला.

"किरिस्ताव कारकून कोनता जी?"

एका गाडीवानाने हसून साहेबाच्या तंबूकडे बोट केलं. म्हातारा म्हणाला, "गोरा नाई बाप्पा. आपल्यातलाच हाये म्हनते."

माझा हात तेव्हा एका गाडीत कोपरापर्यंत होता. गाडी माझ्या घरमालकाचीच होती, आणि तो माझ्या शेजारी उभा होता. म्हातारा आमच्यापासून चार हात अंतरावर थांबला. जवळ येऊ नये हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. काठी खाली ठेवून त्याने हात जोडले आणि सरळ माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, म्या दोन दिवस चालून आलो. अकोल्याच्या उपदेशक मास्तरचा निरोप आला, अमरावतीले आपला एक भाऊ हाये म्हनून. मायासारखाच एकटा. म्हनलं, जाऊन भेटून याव."

तो हसत होता. तोंडात पुढचे दात नव्हते.

घरमालकाने माझ्याकडे पाहिलं. मी कापसातून हात काढला नाही. म्हणालो, "तुझी काहीतरी चूक झालीय, बाबा. इथे तसं कोणी नाही."

बापाच्या वयाच्या माणसाला मी अरेतुरे केलं, हेही लिहून ठेवतो.

म्हाताऱ्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. त्याचं हसू गेलं, पण राग काही आला नाही. "असंन मालक," तो म्हणाला. "मायीच चूक झाली असंन." त्याने काठी उचलली आणि आल्या वाटेने चालायला लागला.

"काय म्हनत होता?" घरमालकाने विचारलं.

"कोणाला तरी शोधत होता."

"दोन दिवस चालून आला म्हनते बिचारा. कोनाले सांगून पानी तं पाजा त्याले."

मी माणूस धाडला. तो परत येऊन म्हणाला की म्हातारा वेशीबाहेर निघून गेला, अकोल्याच्या रस्त्याने. मी पुढच्या गाडीत हात घातला. ती गाडी ओली होती की कोरडी, ते मला कळलं नाही. मी कोरडी म्हणून सांगितलं.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. का सांगितलं कोणास ठाऊक. बहुतेक तिने माझी समजूत घालावी म्हणून. ती तांदूळ निवडत होती. ऐकताना तिचा हात थांबला.

"जेवला होता का तो?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"पाणी?"

तिने सूप बाजूला ठेवलं. कोनाड्यातला करंडा काढून तिने माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "उद्यापासून मी हे लावणार नाही."

"अगं, लोक विचारतील."

"विचारू देत की. कोणीतरी विचारावं म्हणून मी दोन वर्षं वाट पाहतेय."

ती ओरडली नाही, रडली नाही. मी तिला म्हणालो, मला आठ दिवस दे. त्या म्हाताऱ्याला शोधतो, मग घरमालकाला मीच सांगतो. ती मान हलवून पुन्हा तांदूळ निवडायला लागली. थोड्या वेळाने तिने खाली मान घालूनच विचारलं, "नक्की सांगाल ना?" मी हो म्हणालो. माझ्या त्या होकारावर तिचा विश्वास बसला नसावा. माझाही बसला नव्हता.

म्हाताऱ्याचा शोध लागायला वेळ लागला नाही. मूर्तिजापूरकडच्या गाडीवानांना तो ठाऊक होता. "तो झिऱ्याचं पानी पेनारा म्हातारा? पूर्णेकाठी असते," एक जण म्हणाला. त्याच्याकडून कळलं ते असं. म्हातारा जातीने महार, गावाचा जागल्या. दोन वर्षांपूर्वी एक फिरता उपदेशक तापाने फणफणून त्या गावाबाहेर पडला होता. म्हाताऱ्याने त्याला घरी नेलं, पंधरा दिवस सांभाळलं. बरा होता होता उपदेशकाने त्याला प्रभूची गोष्ट सांगितली, आणि पुढे अकोल्याच्या पाद्रीसाहेबांनी येऊन नदीत त्याचा बाप्तिस्मा केला. मग त्याने मरीमाईच्या जत्रेत हलगी वाजवायचं नाकारलं. गावाने तर त्याला आधीच बाहेर ठेवलं होतं, आता त्याच्या स्वतःच्या वस्तीनेही विहीर बंद केली. तेव्हापासून तो नदीच्या वाळूत झिरा खणून पाणी भरत होता. गाडीवान हे सगळं हसत हसत सांगत होता. पण शेवटी म्हणाला, "तसा मानूस वाईट नाई तो. हटेला हाये."

महिन्यातून एकदा मला कामासाठी अकोल्याला जावंच लागे. यावेळी मी साहेबाला सांगून दोन दिवस आधी निघालो. भाड्याची दमणी केली. पहाटे निघालो, मूर्तिजापूरला मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत त्या गावी पोचलो. वाटेत तूर उभी होती, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या वाऱ्यावर खडखडत होत्या. पोट इतकं दुखत होतं की दोनदा दमणी थांबवून उतरावं लागलं. दोन्ही वेळा मनात आलं, इथूनच परत फिरावं.

म्हातारा नदीवर होता. गुडघे टेकून वाळूतल्या खड्ड्यातलं पाणी नारळाच्या करवंटीने हळूहळू मडक्यात भरत होता. माझी सावली पडली तेव्हा त्याने वर पाहिलं.

"या भाऊ," तो म्हणाला. काल भेटून गेलेल्या माणसाला म्हणावं तसं.

मी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी तुमची चूक झाली नव्हती. तो मीच."

"ठावं हाये मले."

"तेव्हाच ओळखलं होतं?"

"हो जी. कापसात हात होता तुमचा, अन सारी गाडी थरथरून राहिली होती."

"मग गेलात का? म्हणायचं होतं की तूच तो म्हणून."

त्याने करवंटी पाण्यात बुडवली, मडक्यात रिकामी केली. "लय भेले होते तुमी," तो म्हणाला. "भेलेल्या मानसाले आनखी काहून भेवाडाव? म्हनलं, आपला भाऊ हाये एवढं पाह्यलं ना डोयानं, झालं. परत निघालो."

मी तिथे वाळूत बसलो. पगडी काढून मांडीवर ठेवली. मला रडू आलं नाही, नुसतं बसावंसं वाटलं. त्याने मडकं भरून घेतलं आणि म्हणाला, "उन्ह लागन. घरी चाला."

त्याचं घर म्हणजे वस्तीपासून दूर, बाभळीखाली एक खोपटं. आत चूल, एक बाज, एक शेळी. आजूबाजूला सगळं झाडून स्वच्छ. त्याने ज्वारीच्या भाकरी केल्या, आंबाडीची भाजी केली. आधी त्याने लोटीत पाणी दिलं.

आता जे सांगायचं त्याची मला आजही लाज वाटते. लोटी हातात घेतली आणि माझा हात थबकला. माझ्या बापाने जात सोडली होती. मी जन्मात कधी जानवं घातलं नव्हतं. देवापुढे सगळे सारखे, यावर मी शाळेत निबंध लिहिले होते आणि त्यांना बक्षीसही मिळालं होतं. तरी हात थबकला. मिशनच्या आवारातही आम्ही जुन्या घराण्यांतले लोक विहिरीच्या एका बाजूला पाणी भरायचो आणि नवे आलेले लोक दुसऱ्या बाजूला. ते कोणी ठरवलं नव्हतं, चालतच आलं होतं. म्हातारा चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होता. त्याने पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी ते पाणी प्यालो. गार होतं, तळाशी थोडी वाळू होती. मग मी आणखी मागितलं.

जेवण झाल्यावर त्याने बाजेखालून घोंगडी काढून अंथरली आणि म्हणाला, "आता प्रार्थना म्हना. मले अर्धीच येते."

"अर्धी?"

"मास्तरनं शिकवली, तं 'रोजची भाकर आज आमाले दे' इथवर आलो आमी. मंग त्याले अकोल्याहून बलावणं आलं, गेला तो. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्रीसाहेबाले इचाराव म्हनलं, पन तो घाईत होता. म्या तेवढीच म्हनतो. भाकरीपर्यंत जातो, अन मंग पयल्यापासून धरतो."

दोन वर्षं तो अर्धीच प्रार्थना म्हणत होता. मला ती पूर्ण येत होती, मराठीत आणि इंग्रजीतही, आणि कितीतरी महिन्यांत मी ती एकट्याने एकदाही म्हटली नव्हती.

"भाकरीच्या पुढे काय हाये?" त्याने विचारलं.

"पुढे क्षमा मागायची असते. आपल्या अपराधांची."

"अन मंग?"

"आणि ज्यांनी आपला अपराध केला, त्यांना आपणही क्षमा करायची."

त्याने थोडा विचार केला. "मले कोनाचा राग नाई," तो म्हणाला. "पन प्रार्थनेत हाये तं म्हनत जाईन. तुमी पुढं म्हना, म्या मागून म्हनतो."

मी ते वाक्य म्हणायला लागलो आणि अर्ध्यात अडलो. समोर तो माणूस बसलेला, मांडी घालून, डोळे मिटून, माझ्या पुढच्या शब्दाची वाट पाहत. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडलो. तो डोळे न उघडता म्हणाला, "सावकास जी. मले काई घाई नाई." तिसऱ्या खेपेला वाक्य पुरं झालं. मग त्याला पाठ होईपर्यंत मी ते किती वेळा म्हटलं असेन, वीस-पंचवीस तरी. तो चुकायचा, मी पुन्हा म्हणायचो. कधीतरी मधेच डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि येतच राहिलं. मला ते पुसावंसंही वाटलं नाही. मोठं ओझं घेऊन चाललेल्या माणसाला कोणी मागून हात लावून ते उतरवून घ्यावं, आणि ते खाली ठेवल्यावरच त्याला कळावं की आपली मान किती अवघडली होती, तसं मला झालं. म्हाताऱ्याने शेवटी एकदा सगळी प्रार्थना न अडखळता म्हणून दाखवली आणि खुशीत म्हणाला, "झाली ना पुरी?"

"झाली, बाबा," मी म्हणालो.

निघताना त्याने दमणीपर्यंत सोबत केली. "येजा भाऊ," म्हणाला. "म्या आता येत नाई तिकडं. गुडघे धरले."

अकोल्याचं काम आटोपून मी परत आलो. आल्या आल्या, कपडेही न बदलता, माडीवर गेलो. घरमालक झोपाळ्यावर बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं. मी ख्रिस्ती आहे, माझी बायको ख्रिस्ती आहे, तुम्ही विचारलंत तेव्हा मी अर्धंच उत्तर दिलं, आणि त्या दिवशी बाजारात तो म्हातारा मलाच भेटायला आला होता.

त्याने झोपाळा पायाने थांबवला. आतून मालकीणबाईंच्या हातातलं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"आमच्या हळदीकुंकवाले तुमची बायको बसली," तो म्हणाला.

"हो."

"मायी बायको तुमच्या बायकोच्या हातचं पानी पेली."

"हो. तुमचा मी अपराधी आहे."

"मले सांगतलं असतं तं मी घर देल्लं नसतं," तो म्हणाला. "खरं सांगतो. पन तुमी दुसऱ्याच्या गाडीत हात घालून त्याले खोटा म्हनता, अन माया घरात दोन वर्सं..." तो थांबला. रागापेक्षा त्याला वाईट वाटलं होतं, आणि ते पाहणं जास्त कठीण होतं. "आठ दिवसांत खोल्या सोडा. गल्लीत मी काई बोलत नाई. सामानाले मायी बंडी घेऊन जा."

मी मान खाली घालून जिना उतरलो. खाली बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या कपाळावर काही नव्हतं. किती दिवसांनी मी तिला अशी पाहत होतो. मला हसू आलं, तिलाही आलं. राहायला घर नव्हतं, आणि आम्ही दोघं दाराच्या आड पोरांसारखी तोंडावर हात धरून हसत होतो. त्या दिवशी मी दोन वेळा पोटभर जेवलो. पोट दुखलं नाही. नंतरही दुखलं नाही.

घर मिळालं ते एका पिंजाऱ्याकडे. मुसलमान वस्तीच्या तोंडाशी त्याचं छोटंसं घर होतं. पुढच्या खोलीत कापूस पिंजायची धुनकी खुंटीला टांगलेली, तिच्या तातीवर धूळ. सगळी रुई गठाणी बांधून समुद्रापार चालली होती, महागाईने गाद्या भरून घ्यायला कोणी येईना. मी आधीच सांगून टाकलं, "आम्ही ख्रिस्ती आहोत." एका दमात, तो नको म्हणायच्या आत.

पिंजारी म्हणाला, "ते ठीक हाये भाई. पर तुमी त्या रुईवाल्या सायबाचे कारकून ना?"

"हो."

"तुमच्या सायबानं सारी रुई नेली. आता आमी काय पिंजाव, हवा?" मग त्याने खोलीचं दार उघडून दिलं. "या, रहा. धुनकी बंद हाये तवर झोप तं चांगली लागन तुमाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. आतून गाण्याचा आवाज आला. बायको भांडी घासताना गात होती, आवारात लहानपणी शिकलेलं भजन, मोठ्याने, ताल सोडून. दोन वर्षं ती जीभ न हलवता काम करत आली होती आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. पिंजाऱ्याची म्हातारी आई भिंतीपलीकडून ओरडली, "बेटी, जरा धीरे!" बायको थांबली. मग म्हातारी म्हणाली, "बंद कशाले केलं? धीरे म्हनलं, बंद नाई म्हनलं."

कचेरीत मी साहेबाला सांगितलं की आता सगळ्यांना माझा धर्म कळला आहे, काही व्यापारी कदाचित कुरकुर करतील. साहेबाने हातातल्या कागदावरून मान वर केली आणि विचारलं, "आधी कळला नव्हता?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. बाजारात दोन-चार जणांनी मला पान देणं बंद केलं. पाण्याच्या मडक्यापाशी गेलो की लोक बाजूला होत, म्हणून मी घरून तांब्या नेऊ लागलो. एका जुन्या ओळखीच्या अडत्याने मात्र तोंडावर थुंकल्यासारखं केलं, आणि ते मला लागलं. नाही लागलं असं म्हणत नाही. भीतीही एकदम गेली नाही. वाटेत चार माणसं एकत्र उभी दिसली की छातीत धडधडायचं. पण झाकायला काही राहिलं नव्हतं. कोण काय ओळखेल, कोणासमोर काय बोललो होतो, हे सारखं लक्षात ठेवायचं काम संपलं होतं. एवढं मोठं काम मी दोन वर्षं करत होतो, हे ते संपल्यावर कळलं.

महिन्यातल्या अकोल्याच्या फेरीत मी पूर्णेकाठी थांबायला लागलो. एकदा बायकोही आली. तिने म्हाताऱ्याच्या चुलीवर पिठलं केलं, आणि म्हाताऱ्याने तिला झिऱ्यातून पाणी कसं काढायचं ते दाखवलं, म्हणजे गढूळ होत नाही. पुढे पाद्रीसाहेब तिथे प्रभुभोजनाचा विधी करायला आले तेव्हा आम्ही तिघं आणि ते, असे चौघे एकाच पेल्यातून प्यालो. म्हातारा माझ्या आधी होता.

मग एका वर्षी बातमी आली की अमेरिकेतली लढाई संपली. कापूस कोसळला. बाजारातले तंबू महिन्याभरात उठले. साहेबाने गाशा गुंडाळला आणि मला म्हणाला, मुंबईला चल, तुझी सोय करतो. त्याच आठवड्यात अकोल्याच्या पाद्रीसाहेबांचा निरोप आला होता. त्यांना एका लहानशा शाळेसाठी शिक्षक हवा होता. पगार असा की मी बायकोला आकडा सांगायला कचरत होतो.

"पूर्णेकाठ तिथून किती लांब?" तिने विचारलं.

"दमणीने अर्धा दिवस."

"मग मुंबईचं काय विचारताय?" ती म्हणाली आणि भांडी बांधायला लागली.

अकोल्याच्या शाळेत पहिल्या वर्षी सात मुलं होती, दुसऱ्या वर्षी पाच. तरी मी तिथेच राहिलो, आणि सुखात राहिलो. पुढे रेल्वे आली. अमरावतीच्या त्या माडीवरून मी नंतर दोनदा गेलो. एकदा घरमालक दारात उभा होता. त्याने मान हलवली, मीही हलवली. बोललो नाही.

शनिवार-रविवारी मी म्हाताऱ्याकडे जायचो. त्याला वाचायला शिकायचं होतं. साठीच्या पुढचं वय, डोळे अधू, पण अक्षरं त्याने वाळूत बोटाने गिरवून गिरवून बसवली. दीड वर्षाने तो पुस्तकावर बोट ठेवून वाचायला लागला. मोठ्या आवाजात, नदीच्या पलीकडे ऐकू जाईल असं. त्याच्या वाचण्यात एकच खोड होती. छापलेलं असायचं "मला", तो वाचायचा "मले". "त्याला" असायचं, तो वाचायचा "त्याले".

एकदा मी त्याला थांबवलं. "बाबा, इथे 'मला' लिहिलंय."

त्याने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, ते अक्षर नीट पाहिलं, पुन्हा मांडीवर ठेवलं.

"हो जी, तसंच लिवलं हाये," तो म्हणाला. "लिवनारा आपल्याकडचा नसंन."

आणि तो पुढे वाचायला लागला.